अहवाल शेवटच्या पानापासून वाचावा

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या माणसाला अहवालाकडे संशयाने पाहायला शिकवावे लागत नाही. १९६७ साली महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हापासून आयोग कोणी नेमला, निकष कोणते लावले आणि कोणते बाजूला ठेवले, या प्रश्नांवर आपल्याकडे पानपट्टीवरही वाद रंगतात. मात्र हाच चिकित्सक माणूस इंटरनेट, डेटा किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरचा एखाद्या थिंक टँकचा, म्हणजे धोरण-अभ्यास संस्थेचा, गुळगुळीत कागदावरचा अहवाल हातात आला की निमूटपणे मान डोलावतो.

मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयातल्या गुरुवारच्या बैठकीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने असाच एक अहवाल आणला. भारतीयांची माहिती भारतातच साठवण्याची सक्ती कंपन्यांवर करू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. आलेख सुबक, भाषा संयत. बैठकीत निपाणीच्या तंबाखू वखारीत उमेदीची वर्षे घालवलेले एक काका असतात. ते म्हणाले, "पोरा, शेवटचं पान काढ की. बोद वरनं बघत नसतात, हात आत घालून मधला पाला काढायचा असतो." बोद म्हणजे तंबाखूचे गाठोडे. शेवटच्या पानावर बारीक टाइपात आर्थिक साहाय्य करणाऱ्यांची नावे होती आणि त्यांत माहिती साठवण्याचाच व्यवसाय करणाऱ्या तीन बड्या परदेशी कंपन्या होत्या.

एवढ्यावरून तो अहवाल खोटा ठरवून मोकळे होणे, हा मात्र आळशीपणा आहे. साठवणुकीच्या सक्तीचा खर्च लहान उद्योगांनाही सोसावा लागतो, हा त्यातला मुद्दा पैसे कोणीही दिले असले तरी विचारात घ्यावाच लागतो. आम्हाला खटकले ते निराळेच: कंपन्यांच्या खर्चावर संपूर्ण प्रकरण होते, आणि परदेशातल्या सर्व्हरवर गेलेल्या माहितीचा गैरवापर झाला तर इथल्या माणसाने दाद कोठे मागायची, यावर जेमतेम एक परिच्छेद. पक्षपात बहुधा असाच असतो. आकडे खरे असतात, प्रश्न मात्र निवडून घेतलेले असतात. तंबाखूच्या मुलखात हे सांगायला हवे की अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन संशोधन समिती उभी केली, तिच्या पैशातून झालेले पुष्कळसे संशोधन शास्त्रीयदृष्ट्या प्रामाणिकच होते. फक्त धूम्रपान आणि कर्करोग यांच्या नात्याचा मूळ प्रश्न टाळून ते भलतीकडे वळवले गेले होते.

म्हणून माझ्या मते देणगीदारांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, ही संस्था देणगीदाराला न रुचणारे कधी बोलली आहे का, आणि बोलली तेव्हा पुढे काय झाले? वॉशिंग्टनमधल्या 'न्यू अमेरिका' या संस्थेचे उदाहरण घ्या. गूगल, तिच्या मूळ कंपनीचे तत्कालीन कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट आणि त्यांचे कौटुंबिक प्रतिष्ठान यांच्याकडून या संस्थेला १९९९ पासून दोन कोटी डॉलरहून अधिक निधी मिळाला होता, आणि श्मिट काही वर्षे तिचे अध्यक्षही होते. जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि संस्थेतल्या बॅरी लिन यांच्या गटाने त्याचे जाहीर स्वागत केले. ऑगस्ट संपण्याआधी त्या गटाला बाहेर पडावे लागले. कारण निधीचे नसून लिन यांच्या वागणुकीचे आहे, असे संस्थेच्या प्रमुखांनी सांगितले, गूगलनेही हात असल्याचा इन्कार केला. कोणाचे खरे मानायचे ते तुम्ही ठरवा. पण त्या इमारतीत उरलेल्या अभ्यासकांनी पुढचा अहवाल लिहिताना काय मनात धरले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

क्रमवारीने भुलू नये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अनेक वर्षे निघणारी थिंक टँकांची जागतिक यादी मुख्यतः नामांकने आणि मतांवर उभी असे. अहवाल तपासून गुण दिले जात नसत.

आपल्याकडे पडताळणीचे एक उत्तम साधन फुकट उपलब्ध आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय एखाद्या विषयावर सल्लापत्र काढते, तेव्हा कंपन्यांची आणि संस्थांची लेखी मते आपल्या संकेतस्थळावर ठेवते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि ठरावीक संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना भारतात बंद पडली. त्याआधीची मते वाचली, तर कोण कोणाच्या सुरात बोलत होते ते उघड दिसते. थिंक टँकचा अहवाल आणि कंपनीचे निवेदन शेजारी ठेवून वाचावे. युक्तिवाद जुळणे स्वाभाविक आहे, उदाहरणे आणि शब्दरचनाही जुळू लागली की सावध व्हावे. हीच कसोटी सरकारच्या जवळच्या संस्थांना, आणि आपल्याला मनातून पटणाऱ्या नागरी हक्कांच्या संस्थांनाही लावावी. इथेच आपली परीक्षा असते.

पुढच्या गुरुवारी तो मुलगा वही घेऊन आला. त्याने त्या संस्थेचे आठ जुने अहवाल चाळले होते. सात देणगीदारांना सोयीचे होते. आठवा स्पष्टपणे विरोधात जाणारा होता, आणि तो लिहिणाऱ्या बाईंचे नाव संस्थेच्या आजच्या यादीत नव्हते. त्याने त्यांना मेल पाठवला आहे, आणि काका दर गुरुवारी आल्याआल्या उत्तर आले का, म्हणून विचारतात.