पिशवीतली औषधं, कार्डवरची औषधं

(वॉर्ड. सकाळचा राउंड.)

या आजींना घरी सोडायचंय. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय रक्त ढकलायला कमी पडतं; फुफ्फुसात साठलेलं पाणी, इमर्जन्सीतून भरती. आता पुन्हा भरतीच्या धोक्याचे गुण पाहा. मुक्काम 5 दिवस: 4 गुण. अचानक भरती: 3. हार्ट फेल्युअर आणि मधुमेह मिळून 3. गेल्या 6 महिन्यांत इमर्जन्सीच्या दोन फेऱ्या: 2. बेरीज 12. कॅनडात 2010 साली मांडलेल्या या 'लेस' निर्देशांकात 10 किंवा जास्त गुण आले, की 30 दिवसांत पुन्हा भरती व्हायचा धोका मोठा.

मुक्कामाचा आकडा डिस्चार्जलाच पक्का होतो. तोवर थांबलं तर तयारीला वेळ उरत नाही, म्हणून ही बेरीज भरतीपासून रोज करायची. शिवाय आजी एकट्या राहतात का, स्ट्रिपवरचं नाव त्यांना वाचता येतं का, हे गुणांत येत नाही. ते विचारावंच लागतं.

(टेबल. औषधांची पिशवी ओतली जाते.)

घरातली सगळी औषधं आणायला सांगितली होती. सिस्टर एकेक स्ट्रिप उचलून डिस्चार्ज कार्डशी ताडून पाहतात. या दोन स्ट्रिपांवर कंपन्यांची नावं वेगळी, आत औषध एकच: फ्युरोसेमाइड 40, लघवीची गोळी. दोन्ही घेतल्या तर पोटॅशियम घसरतं, बीपी उतरतं, चक्कर येते. मेटोप्रोलॉल, हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी, घरी 50 ची, कार्डवर 25 ची. आणि तळाशी आयबुप्रोफेन. गुडघे दुखले की घ्यायची, म्हणून ती 'औषध' म्हणून कुणी सांगितलीच नव्हती. ही गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, लघवीच्या गोळीचा जोर कमी करते. पाच दिवस जे पाणी काढलं, ते हिच्यामुळे परत साठू शकतं.

कार्डवर तीन रकाने हवेत: चालू, बदललेली, बंद. 'बंद'पुढे कारण लिहायचंच, नाहीतर पुढचा डॉक्टर तीच गोळी पुन्हा सुरू करतो. बंद केलेल्या स्ट्रिपा पिशवीत परत जात नाहीत.

(आजींचे हात, गोळ्या.)

"कळलं का?" विचारलं की मान हलतेच. त्यापेक्षा: "आजी, उद्या सकाळी यातल्या कुठल्या गोळ्या घ्याल? दाखवा बरं." हात चुकीच्या स्ट्रिपकडे गेला, तर आपलं सांगणं कमी पडलं. पुन्हा सांगायचं, पुन्हा दाखवायला लावायचं. घरी गोळ्या जो देणार, तोही इथे समोर हवा.

(वजनकाटा.)

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत. वॉर्डातला आणि घरचा काटा जुळतीलच असं नाही, म्हणून घरच्या काट्यावरचं पहिल्या सकाळचं वजन आधार धरायचं. तीन दिवसांत 2 किलोंहून जास्त वाढलं तर लगेच फोन. दम लागायची वाट पाहायची नाही.

प्रत्येक फेरभरती टळत नाही, काहींचा आजारच बळावतो. पण अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेडिकेअरचे (तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) जवळपास एक पंचमांश रुग्ण 30 दिवसांत परत भरती झाले होते. त्यातल्या शस्त्रक्रियेविना घरी गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या नावावर मधल्या काळात डॉक्टरांच्या भेटीचं बिलच नव्हतं.

म्हणून 'आठवड्याने दाखवा' एवढं लिहून भागत नाही. दोन-तीन दिवसांत सिस्टरचा फोन, आणि 7 दिवसांच्या आतली ओपीडीची तारीख-वेळ आजी वॉर्डात असतानाच ठरलेली. त्या भेटीआधी रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं, म्हणजे लघवीच्या गोळीचा डोस रिपोर्ट पाहून ठरवता येतो.