घर बांधायला किती महिने लागतात? स्लॅबवरून हिशोब धरू नका

नमस्कार मंडळी. दसरा जवळ आला की आपल्या चॅनेलवर एकच प्रश्न सुरू होतो. "दसऱ्याला पाया खणला तर अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होईल का?" कोल्हापुरात कळंब्यातनं येतो, फुलेवाडीतनं येतो, उचगावातनं येतो. म्हणून आज सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

फक्त तळमजला असेल, आठशे-हजार चौरस फूट, आणि सगळं आधी ठरलेलं असेल, तर ओढूनताणून होईल. तळमजला आणि वर एक मजला असेल तर होणार नाही. त्याला पाया खणल्यापासून दहा ते चौदा महिने धरा. साइटवर जे बघत आलोय त्यावरून हा माझा अंदाज आहे. तुमचं घर वर्षात झालं तर ते वेळेत झालं, एवढं डोक्यात ठेवा.

सुरुवातीचं पटकन सांगतो, बहुतेकांना ते माहीत असतं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए, मोजणी, नकाशा, बांधकाम परवानगी. परवानगी हातात येईपर्यंत महिने मोजायला सुरुवातच करू नका. प्लॉट पंचगंगेच्या अंगाला असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा, आधी बघा, मग आर्किटेक्टकडं जा. माती कसली आहे तेही बघा. मोरेवाडी-पाचगावच्या उंच भागात मुरूम लवकर लागतो, बावड्याच्या शेतवडीत काळी माती खोल जाते. खोदाई वाढली की दिवस वाढले आणि काँक्रीटही वाढलं. पायापासून जोत्यापर्यंत साधारण एक ते दीड महिना, जोत्यापासून पहिल्या स्लॅबपर्यंत तेवढाच. झालं, पुढं चला.

आता ज्याच्यासाठी व्हिडिओ करतोय ते. स्लॅब पडला की माणूस म्हणतो, "झालंच की आता, राहिलं काय?" पेढे वाटतात, पाहुण्यांना फोन जातात. मंडळी, तळमजला आणि एक मजल्याच्या घरात शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा दिवसांच्या हिशोबात तुम्ही निम्म्यावरसुद्धा आलेले नसता. बाहेरनं घर उभं दिसतं, म्हणून डोळा फसतो.

मुळात त्या स्लॅबखालीच बरेच दिवस काही करता येत नाही. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, आकडे दिलेत. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटर, साधारण पंधरा फुटांपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर 14. बीम 6 मीटरपर्यंतचा असेल तर त्याखालचे टेकू 14 दिवस, त्यापुढं 21. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे. आपल्याकडं घराला बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं, ते सावकाश पकडतं, म्हणून अजून चार दिवस धरा. त्यात खालच्या स्लॅबवर वरच्या स्लॅबचं ओझं येणार असेल तर टेकू काढायची घाई अजिबात नको. पाणी मारायचं ओपीसीला कमीत कमी 7 दिवस, पीपीसीला 10. मी घरमालकांना 14 सांगतो. "सेंट्रिंगवाला म्हणतोय उद्या खोलतो, माल दुसऱ्या साइटवर न्यायचाय" अशा कमेंट दर आठवड्याला येतात. त्याला माल न्यायचाय हे खरं आहे. पण घर तुमचं आहे. इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक टेकूही हलू देऊ नका.

तर स्लॅबनंतर एवढे दिवस का लागतात? पहिली गोष्ट, माणसं. स्लॅबपर्यंत सेंट्रिंगवाले, लोखंडाचे फिटर आणि काँक्रीटची टोळी, एवढ्यांचंच काम. तीन फोन केले की साइट हलते. स्लॅबनंतर गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंगवाला, फरशीवाला, ओट्याचा ग्रॅनाइटवाला, सुतार, ग्रिलवाला, खिडक्यावाला, रंगारी. आणि हे सगळे एकमेकांवर अडलेले. चौकट बसल्याशिवाय वीटकाम पुढं जात नाही. इलेक्ट्रिशियनने भिंतीत खाचा मारून पाईप टाकल्याशिवाय गिलावा नको. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवायचं, खालच्या छताला ओल येत नाही बघायचं, मगच फरशी. एकजण चार दिवस आला नाही की मागचे सगळे थांबतात. आणि ते येणार नाहीत ते दिवस कॅलेंडरात आधीच छापलेले आहेत! गवंडी पन्हाळा-राधानगरीकडचा असेल तर भाताच्या रोपलागणीला गावी जाणार. गावची जत्रा, म्हाई, चैत्रात जोतिबाची यात्रा. जाऊ देत, त्यांचाही सण आहे. फक्त तुमच्या हिशोबात ते दिवस धरा.

फुलेवाडीत माझ्या मावशीच्या घराचं हेच झालं. गिलावा झाला, पाणी मारून झालं, भिंत हात फिरवावी अशी गुळगुळीत. आणि मग इलेक्ट्रिशियन आला. देवघरात एक पॉइंट, बेडच्या दोन्ही बाजूला एकेक, जिन्यात टू-वे. सगळं कटरनं फोडलं. लाल धूळ खिडकीच्या पट्ट्यांत बसली. गवंडी परत बोलवायचा तर तो दुसऱ्या साइटवर अडकलेला. मग ठिगळं लावली. अजून त्या हॉलमध्ये संध्याकाळी तिरका उजेड पडला की भिंतीवर प्रत्येक ठिगळाची कड दिसते. नुसत्या पॉइंटांची यादी आधी नव्हती म्हणून जवळजवळ महिना गेला.

दुसरी गोष्ट, ओल. घर बांधताना आपण त्यात किती पाणी ओततो बघा. काँक्रीटला पाणी, विटा भिजवायला पाणी, वीटकामावर पाणी, गिलाव्यात पाणी, वर परत मारायला पाणी. ते सगळं भिंतीतनं बाहेर यायला लागतं. नव्या गिलाव्याला रंगाआधी साधारण महिना द्या. हा महिना कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी हिशोबात नसतो, कारण त्या महिन्यात कुणी काम करताना दिसत नाही. आणि गिलावा जूनमध्ये आला तर? कोल्हापूरच्या जुलैत भिंत वाळते कुठं? कोपऱ्यात गडद पट्टे दिसतात, हात लावला की गार लागतं. चांगला रंगारी तळहात टेकवतो आणि म्हणतो, दसऱ्यानंतर बोलवा. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या पुट्टीला पापुद्रे आलेत. फोटो मला तुम्हीच पाठवलेत, हे बघा. [मोबाईलवरचे फोटो दाखवत]

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो की गिलावा कुठल्या महिन्यात येतोय. गिलावा मार्चपर्यंत उरकला तर तुम्ही जिंकलात. दसऱ्याला पाया काढून तो मार्चला येतो का, हे कॉन्ट्रॅक्टरला महिन्यांची नावं घेऊन विचारा. विटांचंही तसंच. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, पावसात लागणाऱ्या विटा मे संपायच्या आत प्लॉटवर उतरवून झाकून ठेवा. आणि पुराचं विसरू नका. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडनं येणारी वाहनं अडकली. गुजरातमधल्या मोरबीच्या फरशीचा ट्रक त्याच रस्त्यानं येतो.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो. स्लॅबपर्यंत निर्णय इंजिनिअरचे असतात. स्लॅबनंतर ते घरमालकाचे असतात. कुठली फरशी, कुठला नळ, ओटा किती उंच, खिडकी सरकती की उघडती, गिझर कुठं, वॉशिंग मशीन कुठं. एकेका निर्णयाला एकेक रविवार जातो. ताई एक शेड पसंत करतात, सासूबाईंना तो डोळ्याला खटकतो, मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तिसराच दाखवतो. घर सगळ्यांचं आहे, सगळ्यांना विचारायलाच पाहिजे. पण हे पाया खणायच्या आधी, परवानगीची वाट बघताना विचारा. तेव्हा वेळच वेळ असतो. फरशीवाला दारात उभा असताना दुकानं फिरू नका.

कमेंटमध्ये एका दादांनी लिहिलंय, "एएसी ब्लॉक वापरले तर चार महिन्यांत होतंय." विटांऐवजी वापरायच्या या मोठ्या, हलक्या ब्लॉकनं भिंती लवकर चढतात, गिलावाही पातळ लागतो, हे बरोबर. भिंतींचे दिवस वाचतात. वॉटरप्रूफिंग, फरशी, रंग यांचे दिवस तेवढेच राहतात. दुसऱ्या एका आजोबांनी लिहिलंय की त्यांच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात घर उभं केलं. आजोबा, खरं आहे. मातीच्या भिंती, कौलं, संडास-न्हाणी परड्यात. त्या भिंतीत ना पाईप होते ना वायरी. त्या घराला मी नमस्कारच करतो, पण आजच्या घराचा हिशोब त्यावरून लागत नाही.

मग अंदाज काढायचा कसा? कागदावर कामं खालून वर लिहा, म्हणजे रंगापासून सुरू करून पायापर्यंत मागं या. प्रत्येक कामासमोर दोन आकडे लिहा, माणसं काम करतील ते दिवस आणि नुसतं थांबायचे दिवस. थांबायचे दिवस वेगळे लिहिले की कॉन्ट्रॅक्टरचा "सहा महिन्यांत देतो" कुठं गळतो ते तुम्हालाच दिसेल. मग त्यावर महिन्यांची नावं टाका. जून ते सप्टेंबरमध्ये काय काय पडतंय बघा. गिलावा किंवा बाहेरचा रंग तिथं पडत असेल तर सुरुवात पुढं-मागं करा. तोच कागद करारनाम्याला जोडा आणि हप्ते त्याच्याशी बांधा. शेवटच्या स्लॅबला ऐंशी टक्के पैसे देऊन मोकळं व्हायचं, हे आपल्याकडं फार चालतं. पुढं निम्म्याहून जास्त दिवस राहिलेले असतात आणि तुमच्या हातात काही उरत नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात भरडलेली माणसं मी बघितली आहेत. एका घरात भाडं आणि दुसऱ्या घराचा बँकेचा हप्ता, दोन्ही एकाच पगारातनं.

वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला टाकायच्या त्या फरशी बसून, नळाला पाणी येऊन, रंगाचा पहिला हात झाल्यावर. भटजी तारीख काढून देतात, तोपर्यंत राहिलेलं उरकतं. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच हातात घ्या, ते मागं पडू देऊ नका.

खाली कमेंटमध्ये चार गोष्टी लिहा. प्लॉट कुठल्या भागात, किती चौरस फूट, किती मजले, आणि कुठल्या महिन्यात पाया काढताय. स्लॅबचा फोटो नको. बघून सांगतो, गिलावा कुठल्या महिन्यात येतोय ते.