न थकणारा हार्वेल

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते अडीच टन वजनाच्या एका कॉम्प्युटरबद्दल. हार्वेल डेकाट्रॉन त्याचं नाव. १९५१ साली कामाला लागला आणि आजही चालवून दाखवतात. प्रतिकृती नव्हे हं, मूळ यंत्र! इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात संगणकांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे.

डेकाट्रॉन म्हणजे वायू भरलेली काचेची नळी. आत गोलाकार दहा जागा आणि फिरणारा प्रकाशाचा एक ठिपका. सात आकडा साठवायचा, तर ठिपका सातच्या जागी थांबतो. अशा ८२८ नळ्या. म्हणजे यंत्राच्या मनातला आकडा समोर उभं राहून वाचता येतो.

आता गोष्ट ऐका. हार्वेलला ब्रिटनचं अणुऊर्जा संशोधन केंद्र होतं. तिथले लांबलचक हिशेब माणसं टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर करायची. त्यांची या कामातून सुटका व्हावी म्हणून हे यंत्र बांधलं. पण एका गुणाकाराला ते पाच ते दहा सेकंद घ्यायचं. पाच ते दहा सेकंद! तिथे बार्ट फॉसी म्हणून एक जण होते, हाताने आकडेमोड करण्यात पटाईत. ते आपलं कॅल्क्युलेटर घेऊन यंत्राशेजारी बसले आणि तोच हिशेब करायला लागले. शर्यतच! यंत्राची खटखट चालू, फॉसींचे हात चालू. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. दोघं बरोबरीत. अर्धा तास माणूस यंत्राच्या तसूभरही मागे पडला नाही. आणि मग दमला. फॉसी उठले. यंत्राला मात्र त्याचं काहीच नव्हतं, ते आपलं पुढे चालूच.

ही हकिगत त्यांचे सहकारी जॅक हाउलेट यांनी सांगून ठेवली आहे. त्यांनीच आणखी सांगितलंय, की एकदा नाताळ ते नववर्षाच्या सुट्टीत हिशेबाचे आकडे छिद्रांनी नोंदवलेली कागदी फीत लावून यंत्र एकटंच ठेवलं. किमान दहा दिवस. मंडळी परतली तेव्हाही ते काम करतच होतं. वेग माणसाइतकाच, पण थकवा नाही. पुन्हा सांगतो : वेग माणसाइतकाच, पण थकवा नाही. काचेच्या कपाटातल्या बंद यंत्राकडे बघून हे कसं कळणार? पाटीवर फक्त ‘हळू’ एवढंच वाचाल.

आणि म्हणूनच चालत्या यंत्रासमोर खुर्च्या हव्यात. संग्रहालयं टचस्क्रीनवर एवढा खर्च का करतात, मला पटत नाही. पडदे तर प्रत्येकाच्या खिशात आहेत. म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नसते, ती आधी करा.

असो. १९५७मध्ये हे यंत्र वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजला मिळालं. तिथे ‘विच’ या नावाने १९७३पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. पुढे बर्मिंगहॅमचं संग्रहालय. तेही १९९७ला बंद झालं आणि यंत्र गोदामात गेलं. एका जुन्या फोटोत त्याचं पॅनल कुणीतरी ओळखलं म्हणून ते सापडलं. तीन वर्षं दुरुस्ती चालली. २० नोव्हेंबर २०१२ला ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा मूळ रचनाकारांपैकी दोघं समोर हजर होते.

चालवलं की झीज होते, हा आक्षेप खरा आहे. काही वेळा तर चालवायला मूळ यंत्रच नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या बॅबेजचं गणनयंत्र त्याच्या हयातीत बांधलंच गेलं नाही, ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली आराखड्यांवरून नवंच घडवलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणारा कोलोसस संगणकही पुन्हा बांधावा लागला. पण मूळ यंत्र हाती असेल, तर सांभाळून का होईना, चालवावं असं माझं ठाम मत आहे. दुरुस्ती जाणणारी माणसं तयार होतात ती यंत्र चालवूनच. आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये कामाला लागला, पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. तो चालताना आज ऐकायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लंडनला मुलांकडे जाणार असाल, तर युस्टनहून ब्लेचलीची गाडी पकडा. यंत्र कोणत्या वेळी चालवतात, ते आधी विचारून घ्या. आणि निदान एक गुणाकार पूर्ण होईपर्यंत थांबा.