पॉजचं बटण

(धुळे इथं महाविद्यालयीन शिक्षकांच्या उन्हाळी वर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मे महिन्यात, धुळ्यात, दुपारी अडीच वाजता सिनेमावर बोलायला बोलावणाऱ्यांचं धाडस मोठं, आणि ऐकायला बसलेल्या तुमचं त्याहून मोठं. त्यात लाईट गेलेत. तेव्हा दाखवायचं ते मागाहून, आधी बोलून घेते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, आणि जोडीला चित्रपट आस्वादाचा एक पेपर. सुरुवातीची काही वर्षं हा तास कसा घ्यायचे ते सांगते. खिडक्यांना सतरंज्या अडकवायच्या, दिवे घालवायचे, आवाज वाढवायचा आणि दोन तास कोणी हूं की चूं करायचं नाही. फिल्म मधे थांबवायची नाही. थांबवली की रसभंग होतो, असं मला कुठल्याशा शिबिरात शिकवलेलं. संपली की दिवे लावायचे आणि म्हणायचं, चला, आता दोन पानं लिहा.

या तासातून कोण कोण गळत होतं, ते मला फार उशिरा कळलं. कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. कानातलं मशीन संवाद मोठे करतं तशी छताच्या पंख्याची घरघरही करतं. उरलेलं तो ओठांवरून ओळखायचा, पण मी अंधारात बोलले तर माझे ओठ त्याला दिसणार कसे? ओटीटीवरच्या मराठी सिनेमाखालच्या सबटायटलच्या पट्ट्याही बहुतेक वेळा इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या पोराला त्या काय कामाच्या? शिवाय पट्टी बोलणं तेवढं लिहिते. मागं दार आपटलं, हे लिहीत नाही. दुसरा एक मुलगा मोठ्या आवाजानं बिथरायचा. फिल्ममधे टायर फुटला आणि तो वर्गाबाहेर पळाला. पोरं हसली. मी त्यांना रागावले, पण चूक माझीच होती. ‘सहाव्या मिनिटाला टायर फुटणार आहे, तू दाराजवळ बस’ एवढं आधी सांगायला मला काय झालं होतं?

आणि एक मुलगी होती, पूर्ण अंध. तिला मी म्हटलं, ‘अगं, या तासाला तू नाही आलीस तरी चालेल, हजेरी मी लावते.’ मला तेव्हा तो माझा मोठेपणा वाटला होता.

ती आली. तो दिवस जरा सावकाश सांगते.

आमच्याच मुलांनी मोबाइलवर केलेली सहा मिनिटांची फिल्म होती. वादळानं केळीची बाग आडवी झालीय, बाप शेतातून घरी येतो, बायको ताट वाढते, तो जेवत नाही. बस्स. योगायोगानं प्रोजेक्टर बिघडला होता. स्पीकर तेवढा चालू. मी म्हटलं, ऐकू या तरी. दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, ‘मॅडम, थांबवा. इथं जोडलंय.’

मी थांबवलं. काय जोडलंय? तर म्हणे, आतापर्यंत लांब कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती, ती एकदम गेली. बंद करताना मोटार घरंगळत थांबते, ही कापल्यासारखी गेली. आणि बापाचा आवाजही आधी ओट्यावर होता, आता भिंतींच्या आत आहे. फिल्म जोडणारा पोरगा मागच्या बाकावर होता. तो खाली बघायला लागला. दोन वेगळ्या दिवशी केलेलं चित्रण त्यानं तिथंच सांधलेलं. आधी चित्रासकट बघताना ते आम्हां कोणाला दिसलं नव्हतं.

ध्वनिमुद्रण करणारे लोक प्रत्येक जागेची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवतात, रूम टोन म्हणतात त्याला. असे सांधे बुजवायला ती लागते. दोन वर्षं मी हे फळ्यावर लिहून देत होते. वर्गाला कळलं त्या दिवशी.

तेव्हापासून पहिल्या खेपेला चित्र बंद, नुसता आवाज. दुसऱ्या खेपेला आवाज बंद, नुसतं चित्र. तिसऱ्यांदा दोन्ही. दोन तासांचा सिनेमा नाही, सहा मिनिटांचा तुकडा. न दिसणाऱ्यांसाठी आणि न ऐकणाऱ्यांसाठी म्हणून मी हे सुरू केलं खरं, पण फायदा बघायचा तर डोळे-कान धड असणाऱ्यांनी जास्त उपटला.

पुढची पायरी ध्वनिवर्णन. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत, पडद्यावर काय घडतंय ते बोलून सांगायचं. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांसाठी ज्या सूचना काढल्या त्यांत हे आहे, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या पट्ट्याही आहेत. नियम एकच: दिसतं ते सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. आमच्या तुकड्यात बाप जेवत नाही तिथं चार सेकंदांची जागा होती. हुशार मुलांनी लिहिलं, ‘निसर्गाच्या कोपानं हताश झालेला बळीराजा अन्नावरची वासना गमावून बसतो.’ चार सेकंदांत म्हणून दाखव म्हटलं, तर बळीराजापर्यंतच पोचले. मग एक पोरगा उठला. त्याला वाचता-लिहिताना अक्षरं उलटीसुलटी होतात, परीक्षेत कायम काठावर. तो अहिराणीत म्हणाला, ‘भाकर ताटमा ठी दिन्ही, नि उठी ग्या.’ म्हणजे भाकर ताटात ठेवून दिली, नि उठून गेला.

बसलं की नाही बरोबर? एक कृती, दुसरी कृती. शॉट कुठं बदलतो तेही त्यात आलं. त्याला मी तोंडीच तपासलं आणि गुण दिले. यावर एका सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या: लेखी नको का? मी म्हटलं, आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. आणि आपण मात्र लेखनिक मागणाऱ्या पोराकडं संशयानं बघतो.

कायद्याचं थोडक्यात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. म्हणजे यातली कित्येक मुलं तुमच्या वर्गात आहेत आणि दिसत नाहीत. लेखी पेपरला तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ मिळते, ती आपण निमूट देतो. मग त्याच मुलाला प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत क्लिप एकदाच का दाखवतो?

फीट येणारं कोणी असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्यं गाळा, आणि वर्गात मिट्ट काळोख नको, मागचा एक दिवा राहू द्या. तास सकाळी आठला घ्या, म्हणजे पंखा बंद ठेवता येतो.

आता नेहमीचा आक्षेप: गोष्ट आधी सांगितली की मजा जाते. अहो, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला गेलेल्यांना हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक नव्हती का? कीर्तनाला बसणाऱ्याला तरी कुठं कथा नवी असते? मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या न वाचता येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं थिएटरात असत. मी तुकड्याची गोष्ट आधी तीन वाक्यांत सांगून टाकते. मग अडखळत वाचणाऱ्याचे डोळे पट्टीवर खिळून राहत नाहीत, चेहऱ्याकडं जातात.

आणि ‘या मुलांना पुढं या क्षेत्रात काय करायचंय’ असं जे स्टाफरूममध्ये बोलतात, त्यांच्यासाठी एक निकाल सांगते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१५ मध्ये संकलनासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधत्वामुळं प्रवेश नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली. तिनं सांगितलं की चित्रपट हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे, रंग ओळखायला मदतनीस घेता येतो. रंगसंस्काराचा, म्हणजे कलर ग्रेडिंगचा, भाग संकलनाच्या अभ्यासक्रमातून काढा, नाहीतर ऐच्छिक करा. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सगळे अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितलं. सात वर्षं गेली यात. त्या मुलाची उमेदीची सात वर्षं.

नाटक थांबवता येत नाही, कीर्तन थांबवता येत नाही. सिनेमा थांबतो, मागं जातो, मुका होतो, आंधळा होतो, आणि परत पहिल्यासारखा चालू लागतो. तरी आम्ही त्या बटणाला हात लावायला घाबरत होतो.

आले का लाईट? बरं. पंखे तसेच बंद राहू द्या, सहा मिनिटं घाम आला तर येऊ द्या. तोच केळीचा तुकडा लावतेय. गोष्ट तुम्हांला माहीत आहे. प्रोजेक्टरच्या तोंडावर तो पुठ्ठा धरा कोणीतरी. जोड ऐकू आला की हात वर करा.