घड्याळाला वेचणी कळत नाही

नमस्कार श्रोतेहो. मी जळगावचा. इंजिनीअरिंगच्या पोरांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात मनगटी घड्याळाला माणूस ओळखायला शिकवतो. घरी कोणी विचारलं तर एवढंच सांगतो, पुढचं ऐकायला सहसा कुणी थांबत नाही. आज तुम्ही रेडिओ लावलाच आहे, तर जरा सविस्तर सांगतो.

दिवाळीनंतर चोपडा तालुक्यात मावशीच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे मी एक घड्याळ बांधलं. "हाई काय शे रे?" म्हणाली. म्हटलं, तू दिवसभर काय काय करतेस ते हे ओळखणार. संध्याकाळी कापूस काट्यावर चढला आणि मी घड्याळातली नोंद उघडली. सकाळपासून ओटी बांधून, वाकून सरीमागून सरी वेचणारी मावशी घड्याळाच्या मते बराच वेळ नुसती बसलेली होती. "मंग मी काय दिनभर बठेल व्हती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मावशीला सांगण्यासारखं नव्हतं.

तुम्हाला सांगतो. घड्याळात सिलिकॉनचा एक अगदी बारीक तुकडा लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. एसटी एकदम सुटली की आपण मागे रेलतो ना, तसा हात हलला की तो मागे राहतो. किती मागे राहिला, ते तीन दिशांनी सेकंदाला पन्नासेक वेळा मोजलं जातं. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं, की हे चालणं, हे जिना चढणं. इटलीतल्या जिनोआत जमवलेली अशी एक नोंद जगभर वापरतात. १९ ते ४८ वयाची ३० माणसं, प्रत्येकाच्या कंबरेला फोन आणि सहाच कामं: चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. आकड्यांचे २.५६ सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि यंत्राला शिकवायचं. छान शिकतं, फक्त बसणं आणि उभं राहणं यांत गफलत करतं. कंबर दोन्हीत तशीच स्थिर!

यात वेचणी कुठे आहे? खापरावर टाकायचा मांडा दोन्ही हातांवर झेलत मोठा करणं कुठे आहे? लाकडी बडगीत भरीत ठेचणं? यादीत जे नाही ते यंत्र यादीतल्या जवळच्या नावावर ढकलतं. म्हणून आम्ही आमची यादी करायला घेतली. मी बांधावर वही घेऊन बसतो आणि मिनिटामिनिटाला लिहितो.

इथवर ठीक होतं. पण मग हाव सुटली, मनातलंही ओळखावं म्हणून. हे खूळ काही माझं एकट्याचं नाही. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठातल्या संशोधक रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ सालीच यावर अख्खं पुस्तक लिहिलं. घड्याळाखालचा हिरवा दिवा रक्ताची ये-जा पाहून नाडी मोजतो. दुसरा सेन्सर कातडीवरचा घाम मोजतो. माणूस घाबरला, ताणात आला की तळहाताला बारीक घाम सुटतो, त्यावरून अंदाज बांधायचा. आता मला सांगा, मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा या यंत्राला अख्खा जिल्हाच भेदरलेला दिसायचा!

घाम ही शरीराची गोष्ट झाली, तो कशाने आला ते माणसालाच विचारावं लागतं. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, नोकरीच्या जागी आणि शाळांत अशी भावना ओळखणारी यंत्रं वापरायला बंदी घातली. मला ते पटतं. उद्या मुकादमाच्या मोबाइलवर 'ही बाई नाराज आहे' असं उमटायला लागलं, तर रोजाचं काय होईल?

म्हणून मी विचारतोच. दर अर्ध्या तासाने बांधावरून हाक मारतो, "मावशी, आता कसं वाटतंय?" वहीत रकाने आखलेत: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. दुपारी एकच्या सुमाराला तिची नाडी एकदम चढली होती. मी हाक मारली. मावशी कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, वहीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"तहान लागनी."

मी पेन खिशाला लावलं आणि निंबाखालची कळशी आणायला उठलो.