अस्तराला सोसेल एवढेच

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. गुलाबी पट्टा, त्यात जांभळे ठिपके.]

मूत्राशय धुण्याचे जंतुनाशक त्याच्या आतल्या अस्तराला कितपत सोसते, हे अशा कापांवरून पाहतात. पांढऱ्या उंदराच्या मूत्राशयाची ही कड आहे. काप ५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. जांभळे ठिपके म्हणजे पेशींची केंद्रके. सगळ्यात वरची रांग नीट पाहा. मोठ्या, पसरट, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी. लघवीशी थेट संबंध येतो तो यांचाच. लघवीतले क्षार आणि युरिया पुन्हा शरीरात झिरपू नयेत, ही राखण या पेशी करतात.

[दृश्य: दुसरी काचपट्टी.]

इथे ती वरची रांगच नाही. पेशी गळून पडल्या आहेत, खालचा थर सुजला आहे, रक्तवाहिन्यांबाहेर तांबड्या पेशी सांडल्या आहेत. तीव्र जंतुनाशक आत राहिले तर मूत्राशयाचे हे असे होते.

जंतुनाशकाला जंतूची पेशी आणि आपली पेशी यांतला फरक फारसा कळत नाही. हातावर लावले तर चालते, कारण त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, कठीण पेशींचा असतो. मूत्राशयाला तसले चिलखत नाही. तिथली वरची रांगही जिवंत असते. शस्त्रक्रियेआधी त्वचेवर लावायचे क्लोरहेक्सिडिन साधारण २ टक्के असते. मूत्राशय धुण्यासाठी जिथे ते वापरले गेले, तिथे ०.०२ टक्के. शंभरपट पातळ! आणि एवढे पातळ करूनही काही रुग्णांच्या लघवीत रक्त उतरल्याच्या नोंदी आहेत.

[दृश्य: डिचोलीतले एक घर. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी.]

मग मूत्राशय धुण्याचा विचार तरी का येतो? कारण लघवी बाहेर काढायला मूत्राशयात घातलेली ही नळी, कॅथेटर. प्रोस्टेट वाढलेले, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, मणक्याला मार बसलेले रुग्ण गोव्याच्या गावागावांत कॅथेटर घेऊन जगतात. नळी आत असली की दररोज ३ ते ८ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिना उलटेपर्यंत जवळपास सगळ्यांच्याच लघवीत ते सापडतात. घरच्यांना साहजिकच वाटते, आतून औषधाने धुतले तर? मूत्रमार्गातून औषध आत सोडण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आयुर्वेदातली उत्तरबस्ती म्हणजे तेच. पण आत सोडलेल्या द्रवाने अस्तराचे काय केले, हे डोळ्यांनी पाहायचे तर ऊतीचा काप काढावाच लागतो. त्यासाठी प्राण्यावर चाचणी.

[दृश्य: प्रयोगशाळा. बारीक नळी, सिरिंज, काचेच्या कुप्या.]

चाचणीसाठी बहुधा मादी घेतात, तिचा मूत्रमार्ग आखूड आणि सरळ असतो म्हणून. आधी भूल. मग बारीक नळीतून मूत्राशय रिकामे करायचे, अर्धा मिलिलिटरच्या आसपास द्रावण सोडायचे, ठरलेली मिनिटे ठेवून काढून घ्यायचे. काही प्राण्यांत जंतुनाशक, तर काहींत नुसते सलाईन.

सगळ्या चाचणीचा कणा हा सलाईनचा गट आहे. नळी घातल्यानेही अस्तर खरचटते, मूत्राशय ताणल्यानेही ते दुखावते. सलाईनवाल्या प्राण्यांत किती इजा झाली हे ठाऊक नसेल, तर जंतुनाशकावर ठेवलेला आरोप हवेतला.

पुढे मूत्राशय काढून त्याचे वजन करतात, सूज असली की ते जड भरते. मग ऊती टिकवणारे फॉर्मॅलिन, मेणाचा ठोकळा, काप, रंग. पॅथॉलॉजिस्टच्या हाती येतात त्या फक्त क्रमांक टाकलेल्या काचपट्ट्या. कुठल्या कापाला कुठले द्रावण लागले होते, हे त्यांना सांगत नाहीत. सांगितले तर नजर आपोआप तिकडे कलते. पेशी किती गळल्या, सूज किती, रक्तस्राव किती, दाहाच्या पेशी किती, प्रत्येकाला गुण द्यायचे. काही प्राणी दुसऱ्याच दिवशी तपासतात, काही बऱ्याच दिवसांनी. कारण अस्तर पुन्हा भरून आले की त्याखाली जखमेचा घट्ट वण धरून मूत्राशय आकसू लागले, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

[दृश्य: खाटीकखान्यातून आलेले डुकराचे मूत्राशय, बर्फाच्या डब्यात.]

इथे मला एक आग्रहाने सांगायचे आहे. डुकराचे मूत्राशय रचनेने माणसाच्या बरेच जवळचे, आणि खाटीकखान्यात ते एरवी टाकूनच दिले जाते. ताजे असताना त्याचे अस्तर दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचे आणि त्यातून विजेला किती अडथळा होतो ते मोजायचे. द्रावण घातल्यावर अडथळा कोसळला, की समजा भिंतीला भगदाड पडले. घातक द्रावणे इथेच बाद करता येतात. त्यांच्यासाठी एकाही उंदराचा जीव जाता कामा नये. मेलेल्या ऊतीला सूज मात्र येत नाही आणि ती बरीही होत नाही. तेवढ्याच प्रश्नासाठी जिवंत प्राणी घ्यावा, आणि तोही कमीत कमी संख्येने. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व हेच. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची प्राणिप्रयोगांवर देखरेख असते आणि संस्थेच्या नैतिकता समितीने मान्यता दिल्याशिवाय प्रयोगाला हात लावता येत नाही.

[दृश्य: पुन्हा पहिली काचपट्टी, आता जास्त मोठी करून.]

उंदरांवरच्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. मूत्रमार्गाच्या संसर्गातला नेहमीचा जंतू, ई. कोलाय, याच वरच्या पेशींना चिकटतो आणि त्यांच्या आत शिरतो. त्या गळून पडल्या की खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात. म्हणजे जंतू मारायला गेलेले औषध अस्तर सोलून जंतूंनाच वाट करून देण्याची भीती असते.

कॅथेटरच्या प्रत्येक रुग्णाचे मूत्राशय सरसकट जंतुनाशकाने धुऊ नये, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. त्याऐवजी करायच्या गोष्टी साध्या आहेत. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही. पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकणारी. लघवीत रक्त दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरी काही आत न सोडता जवळचे आरोग्य केंद्र गाठायचे, नाहीतर थेट बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. आणि दर भेटीला डॉक्टरांना विचारायचे, ही नळी अजून लागणार आहे का?