४० किलोचा कुत्रा आणि आरशासारखी लादी

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या लोकांनी बोलवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं, मी लाद्या बसवणारा माणूस, भाषण हे काय माझं काम नाही. पण ते म्हणाले की गावात आता दर दोन घरांआड लॅब्रॅडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड आलाय, बांधकामंही जोरात चालू आहेत, आणि तुमच्याकडे दोन्हीचा अनुभव आहे. अनुभव म्हणजे काय, दोन्हीत माझं नुकसान झालंय. तेवढ्या हक्काने बोलतो.

माझं स्वतःचं घर बांधलं तेव्हा मी हॉलमध्ये दोन बाय दोनची पांढरी ग्लॉसी विट्रिफाइड लादी टाकली. वास्तुशांतीला आलेले पाहुणे म्हणाले, काय आरसा केलायस रे, आणि मीही फुगलो. आमचा शेरू तेव्हा चार वर्षांचा, लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो, जुन्या घरात कोब्यावर वाढलेला. तो नव्या घरात धावत आत आला, सोफ्यापाशी वळायला गेला, आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकून सपशेल बसला. आम्ही सगळे हसलो. तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं. त्यानंतर तो हॉलमधून जाताना भिंतीला चिकटून जायला लागला, मग दारातच उभा राहायला लागला, एक पंजा पुढे टाकायचा, परत मागे घ्यायचा, आणि आमच्याकडे असं बघायचा की जणू आम्ही मध्ये विहीर खणून ठेवली आहे. घरात सगळे म्हणाले लाडावलाय, उचलून न्या म्हणतोय.

एक दिवस मी लादीवर पालथा पडलो, मोबाइलची टॉर्च लावली आणि बायकोला सांगितलं की त्याला बिस्कीट दाखवून हळूहळू पुढे घे. तेव्हा दिसलं. कुत्रा बोटांवर चालतो, आपल्यासारखी टाच टेकत नाही, आणि मांजरासारखी नखं आतही घेत नाही. घाबरला की तो बोटं आवळतो आणि नखं खाली रोवतो. मातीत हे बरोबरच आहे, नख रुततं आणि पाय धरला जातो. लादीत नख रुतणार कुठे? उलट नखांवर उभा राहिला की पंजाखालची जी काळी खरखरीत गादी असते ती वर उचलली जाते, आणि पकड तर सगळी त्या गादीचीच. म्हणजे जितका घाबरेल तितका घसरेल आणि जितका घसरेल तितका जास्त घाबरेल. त्यात लॅब्रॅडॉर, गोल्डन, शेफर्ड यांच्या गाद्यांच्या मधून केस वाढतात, मग तो बिचारा मोजे घालून चालल्यासारखा चालतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की लादी डोळ्यांनी घेऊ नका, पायाने घ्या, आणि तीही ओली करून घ्या. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर्षाला तीनएक हजार मिलीमीटर पडतो, त्या दिवसांत घरातली कुठली लादी पूर्ण कोरडी असते सांगा. कुडाळ कणकवलीला हायवेवर शोरूममध्ये गेलात की वर दिव्यांची रांग असते, खाली लादी चकाकते, आणि तो पोरगा म्हणतो साहेब ही सध्या खूप चालते. चालत असेल. तुम्ही पाण्याची बाटली काढा, लादीवर ओता, चप्पल काढा आणि टाच घासून बघा. मी गिऱ्हाइकाबरोबर जातो तेव्हा हे करतोच, दुकानदार तोंड वाकडं करतो पण फडकं आणून देतो. जमलं तर चार सॅम्पल घरी आणा, पडवीत ओली करून मांडा, आणि कुत्र्याला त्यावरून फिरवा, तो पाच मिनिटांत सांगेल.

लादीच्या कॅटलॉगमध्ये आर नऊ, आर दहा, आर अकरा असे नंबर असतात, तेरापर्यंत जातात, नंबर मोठा तेवढी पकड जास्त. ही टेस्ट कशी करतात माहितीय? उतारावर तेल टाकतात, त्यावर बूट घातलेला माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेतात, आर दहा म्हणजे १० ते १९ अंशांपर्यंत माणूस टिकला. आता आपला कुत्रा बूट घालत नाही, त्यामुळे या नंबरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, पण अंदाज येतो. घरात आर दहाची मॅट, म्हणजे न चकाकणारी, पडवी आणि मोरीत आर अकरा. त्याच्या वर घरात जाऊ नका, लाल माती त्या खरखरीत बसली की पोछा मारून मारून वहिनींचा हात दुखेल आणि शिव्या मला पडतील.

(मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "अरे, आमच्या वेळेक शेणान सारवलेली जमीन होती, थय कुत्रो काय, म्हातारोव कधी घसराक नाय.")

अगदी बरोबर बोललात आजोबा. सारवलेल्या जमिनीसारखी पकड कुठल्याच लादीला नाही, मऊही ती. पण त्या काळचा कुत्रा खळ्यात झोपायचा, घरात नाही, आणि आजचा रॉटवायलर सारवलेल्या जमिनीवर एक रात्र ठेवलात तर सकाळी तुम्हाला नारळ लावायला खड्डा तयार मिळेल. मुतला की तेवढा भाग परत सारवा. कोण करणार आता?

दगडाकडे वळू. शहाबादी आपली जुनी मैत्रीण, कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला, कडप्पा आंध्रातला, तिन्ही चुन्याचे दगड. बिनपॉलिशची शहाबादी किंवा रफ कोटा कुत्र्याच्या पायाला एक नंबर, उन्हाळ्यात गार, आणि वरून खूप चकाकत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. एकच लक्षात ठेवा, चुन्याच्या दगडावर आणि मार्बलवर ॲसिड चालत नाही. डाग पडला म्हणून संडास साफ करायची बाटली ओतली की फेस येतो, तो दगडच विरघळतोय. व्हिनेगर, लिंबू तेच करतात. कुत्र्याचं मूत रात्रभर मार्बलवर राहिलं तर पॉलिश गेलेला डाग राहतो, तो पुसून जात नाही. मोठ्या कुत्र्याच्या घरात मी मार्बलला सरळ नाही म्हणतो, मग पैसा कितीही असो.

आता खरं दुखणं. लोक लादीवर चार तास भांडतात आणि जॉइंटवर चार मिनिटंही देत नाहीत. विट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण दोन लाद्यांच्या मध्ये गवंडी व्हाइट सिमेंट भरतो, ते स्पंजसारखं पितं. मोठा कुत्रा एकदा मुतला की ते कपभर नसतं मंडळी, ते वाट काढत जॉइंटमध्ये जातं, तिथे त्याचा अमोनिया होतो, वरून तुम्ही पुसता आणि घर स्वच्छ दिसतं. मग जूनमध्ये हवा दमट झाली की तोच वास उठतो आणि तुम्ही बिचाऱ्या कुत्र्यावर ओरडता की परत केलास. त्याने नाही केलं, तो मागच्या वर्षीचा आहे. आणि कुत्र्यालाही तो वास येतोच, मग त्याला वाटतं हीच आपली जागा.

आणि गोचीड. गोचीड रक्त पिऊन फुगली की अंडी घालायला कुत्र्यावरून खाली उतरते आणि फटीत शिरते, भिंतीच्या, स्कर्टिंगच्या म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या पट्टीच्या मागच्या, जॉइंटच्या, आणि एकेक मादी हजारांनी अंडी घालते. आमच्या एका गिऱ्हाइकाने डॉक्टरचं औषध, शॅम्पू, सगळं केलं तरी जात नव्हती. मी स्कर्टिंग काढली तर मागे पोकळ, सिमेंट भरलंच नव्हतं, आणि आत जे काय होतं ते इथे सांगत नाही, तुमचा चहा व्हायचाय.

म्हणून जॉइंटमध्ये सिमेंटऐवजी एपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनचं भरण. महाग आहे, सिमेंटच्या ग्राउटच्या कितीतरी पट, आणि भरणाराही तयारीचा पाहिजे कारण अर्ध्या-पाऊण तासात ते आवळतं आणि वर राहिलेलं नंतर निघत नाही. पण पाणी पीत नाही. गवंडी म्हणेल पेपर जॉइंट मारू, म्हणजे लाद्या एकमेकींना चिकटवून बसवू, दिसायला छान. नको म्हणा. मध्ये फट राखायला दोन एमएमचा स्पेसर, एपॉक्सी, रंग राखाडी किंवा बदामी, पांढरा तर मुळीच नको कारण आपली लाल माती एका पावसात त्याचा चहा करते. हॉल मोठा असेल आणि बजेट कमी, तर निदान जिथे कुत्रा झोपतो, खातो आणि आत येतो तिथे तरी एपॉक्सी करा. आणि लादी बसल्यावर थापीच्या मुठीने ठोकून बघा, पोकळ वाजली की परत काढायला लावा, ४० किलोचं जनावर सोफ्यावरून उडी मारतं तेव्हा पोकळ लादीचा कोपरा जातो.

साफ करताना ब्लीच वापरणारे खूप आहेत. मुतावर थेट ब्लीच ओतू नका, अमोनियाबरोबर त्याचा विषारी वायू होतो, बंद खोलीत छाती भरते. आधी पाण्याने धुवा, मग एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते मारा.

लाकडी फ्लोअरिंग, हे शहरातून आलेले लोक हमखास मागतात. लॅमिनेट आत दाबलेल्या भुशाचं असतं, पाणी गेलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. खरं लाकूड घेतलंत तर आपली हवा आणि वाळवी दोघी मिळून बघतील. एसपीसी म्हणून एक प्रकार आलाय, दगडाची पूड आणि प्लास्टिक, तो पाण्याने फुगत नाही, पायाला गार लागत नाही, कुत्राही बऱ्यापैकी धरून चालतो. वरचा वेअर लेयर, म्हणजे झीज सोसणारा थर, अर्धा एमएमचा घ्या. पण जोत्याला खालून ओल येत असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर खाली पाणी धरून कुबट वास सुटेल, आणि जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरात ही ओल असतेच.

ओरखड्यांबद्दल सगळे नखांना दोष देतात. लाकडावर, विनाइलवर नखं उठतात, मान्य. पण दगडावर आणि चकचकीत लादीवर ओरखडा काढते ती वाळू. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरवून आणता, पंजात वाळू भरलेली असते, ती गारगोटीची, नखापेक्षा कितीतरी कडक, त्याने दोन फेऱ्या मारल्या की पॉलिशपेपर मारल्यासारखं होतं. म्हणून पडवीतच त्याची सोय करा, एक नळ, बाहेरच्या बाजूला ढाळ, जाळी काढून केस साफ करता येतील असा नहाणी ट्रॅप म्हणजे पाणी जायचं तोंड, आणि भिंतीला तीन फूट डॅडो म्हणजे लाद्यांचा पट्टा, कारण मोठा कुत्रा अंग झाडतो तेव्हा चिखल कुठपर्यंत जातो हे ज्याच्याकडे आहे त्याला माहीत आहे. पुढे काथ्याचं मोठं पायपुसणं. अंगणात चिऱ्याची फरशी असेल तर ऑगस्टपर्यंत शेवाळ धरते, दोन पायांवरचे आपण पडतो तिथे चार पायांवरचाही पडतो, ब्लीचिंग पावडर टाकून घासा आणि पाणी मारून पूर्ण धुतल्यावरच त्याला सोडा.

ज्यांची आरसा लादी आधीच बसलीय त्यांनी माझ्यासारखं करा, कारण मीही अजून उखडलेली नाही, बायको म्हणते परत धूळ नको. शेरूच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर खाली रबर असलेल्या पट्ट्या टाकल्या. पंजाखालचे केस कापले. नखं कापली, चालताना टकटक आवाज आला की वाढली समजा. आठवडाभरात तो पट्ट्यांवरून पाण्याच्या भांड्यापर्यंत जायला लागला, मध्ये पट्टी संपते तिथे उडी मारतो. म्हातारपणी किंवा हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, असलेल्याला हे फार लागतं. तो आजार मुळात वंशातून येतो, नुसत्या लादीमुळे होत नाही, पण अशा कुत्र्याला निसरड्या लादीवर रोज उठणं म्हणजे शिक्षा. आणि जड कुत्रा कायम कडक जमिनीवर पडून राहिला की कोपराला घट्टा पडतो, कधी पाण्याची गाठ येते, एक जाड गोधडी टाकून ठेवा. उन्हाळ्यात तो गोधडी सोडून लादीवरच जाणार, जाऊ द्या, दोन्ही समोर असलं म्हणजे झालं.

(एका ताईंनी विचारलं, जिना पॉलिश ग्रॅनाइटचा आहे, कुत्रा वर येतो पण उतरत नाही, काय करायचं?)

उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं ताई, आणि पायरीची कड दिसत नाही त्याला, काळ्या ग्रॅनाइटवर तर नाहीच. प्रत्येक पायरीच्या कडेला कटरने तीन खाचा मारून घ्यायच्या, पायरी काढायची गरज नाही. धूळ खूप उडते आणि आवाजही होतो. शेफर्ड आहे ना तुमचा? मी रविवारी सकाळी मशीन घेऊन येतो, तेवढा त्याला मागच्या पडवीत बांधून ठेवा, गेल्या वेळी मी नुसतं मोजमाप घ्यायला आलो होतो तर टेप घेऊन पळाला होता.